९० फूट भिंत, ३६ कृष्णधवल फोटो: माझा अनुभव

ठाण्याच्या रस्त्यांवर काढलेल्या कृष्णधवल फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं तेव्हा हाताशी सुमारे चारशे फोटो होते. संगणकाच्या पडद्यावर सगळेच बरे दिसत होते. तिथून दालनाच्या भिंतीपर्यंत पोचायला पाच महिने लागले आणि त्यातला मोठा वेळ काळ्या रंगाने खाल्ला. पडद्यावरचा काळा वेगळा, कागदावरचा वेगळा आणि काचेमागचा आणखी वेगळा. हे आधी कळलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

दालनासाठी अर्ज, सोबत दहा-बारा नमुना फोटो, भाडं, अनामत रक्कम हा भाग सरळ आहे. तारखा मात्र बऱ्याच आधी धराव्या लागतात. मी पावसाळा टाळून डिसेंबर धरला. कारण कागद. जुलैच्या दमट हवेत प्रिंट लाटांसारखी वर येते आणि फ्रेममध्ये कोंडलेल्या ओलाव्याला पुढे बुरशी धरते.

तारीख मिळाल्यावर फोटो निवडण्याआधी भिंत मोजली. फ्रेम बाहेरून बाहेर १८ बाय २४ इंच ठरवली होती. २४ आडवे फोटो गुणिले २४ इंच म्हणजे ५७६, १२ उभे गुणिले १८ म्हणजे २१६. बेरीज ७९२ इंच, म्हणजे ६६ फूट. प्रत्येक फ्रेममागे ८ इंच मोकळी जागा धरली तर आणखी २८८ इंच, म्हणजे २४ फूट. एकूण ९० फूट. ही निव्वळ वापरता येणारी भिंत. दार, खिडकी, स्विचबोर्ड, एसीचं युनिट आणि प्रत्येक कोपऱ्यापासून दोन फूट वजा करून एवढी उरली पाहिजे. फोटो आधी निवडले की ते भिंतीवर कोंबण्याचा मोह होतो, आणि चार इंचांवर लावलेले दोन फोटो एकमेकांना बोलू देत नाहीत.

निवड पडद्यावर केली नाही. दीडशे फोटोंच्या ४ बाय ६ इंचांच्या स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर पसरल्या. लांबून उभं राहून पाहिलं की लगेच कळतं, कुठल्या फोटोत आकार आहे आणि कुठल्यात नुसता प्रसंग. तलावपाळीवरचे संध्याकाळचे नऊ फोटो होते, राहिले दोन. झोपलेल्या, आजारी, असहाय माणसांचा एकही फोटो निवडला नाही. त्यांना नकार देण्याची संधीच मिळालेली नसते, आणि ते भिंतीवर टांगणं मला पटत नाही.

आता कृष्णधवलच का, हा प्रश्न. छायाचित्रकार रघुबीर सिंग आयुष्यभर रंगीत फोटोच काढत राहिले आणि भारत रंगातच दिसतो असं त्यांचं मत होतं. दुसरीकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं कृष्णधवल काम पाहिलं, तर रंग काढून घेतल्याने नजर माणसाच्या चेहऱ्यावर, हातांवर कशी खिळते ते दिसतं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. म्हणून प्रत्येक फोटोला एकच कसोटी लावली: रंग गेल्यावर यात काही वाढलं का? जांभळी नाक्यावरच्या फुलबाजाराचे फोटो इथेच अडकले. केशरी झेंडू आणि हिरवी पानं डोळ्याला कितीही वेगळी दिसली, तरी नुसता रंग उडवला की दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेला येतात आणि ढीग सपाट होतो. इथे सॉफ्टवेअरमधले प्रत्येक रंगाची छटा उजळ-गडद करणारे स्लायडर वेगवेगळे चालवावे लागतात. केशरी-पिवळा वर, हिरवा खाली नेला की झेंडू उजळतो आणि पानं मागे जातात.

पण केशरी वर नेला की चेहरेही उजळतात, कारण आपल्या त्वचेचा रंग तिथेच बसतो. जास्त नेला तर चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, सुरकुत्या आणि घाम दोन्ही पुसले जातात. सावळ्या माणसाला गोरा करणारा फोटो मला खोटा वाटतो. म्हणून स्लायडर थोडाच हलवायचा आणि उरलेलं काम फुलांच्या भागापुरता मास्क करून, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर लागू करून, करायचं. याहून फसवी असते निळी ताडपत्री. बाजारात निम्मे विक्रेते तिच्याखाली बसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर निळाच उजेड पडलेला असतो. आकाश गडद करायला निळा स्लायडर खाली ओढला की आकाशासोबत ताडपत्रीखालचे सगळे चेहरे काळवंडतात. तिथे आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची झाक काढणारी सेटिंग) चेहऱ्यावरून दुरुस्त करायचा, मग कृष्णधवल रूपांतर.

स्टेशनबाहेर सॅटिस पुलाखाली अडचण वेगळी. भर दुपारी पुलाखालची सावली आणि बाहेरचं ऊन यात सहज सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक पडतो. बाहेरचा रस्ता जळू (पांढराफटक होऊ) द्यायचा नाही एवढं पाहून एक्स्पोजर घेतलं आणि सावली नंतर उचलली. मात्र ती दीड-दोन स्टॉपच उचलायची. त्यापुढे गोंगाट (कणीदार नॉइज) दिसायला लागतो, पुलाखालची दुपार पुलाखालची राहत नाही.

छपाईच्या आकाराचं गणित सोपं आहे. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये रुंदीला ६००० पिक्सेल असतात; प्रतिमा १२ बाय १८ इंच ठेवली तर इंचाला ३३३ येतात, म्हणजे भरपूर. फोटो कापून रुंदी ३००० वर आली असेल तर १६७ उरतात, आणि गर्दीतले लहान चेहरे विरघळतात. असे चार फोटो बाद केले. धार (शार्पनेस) आणि ग्रेन (फिल्मसारखे कण) शेवटच्या आकाराला आणल्यानंतरच द्यायचे. आधी दिले तर आकार बदलताना दोन्ही बिघडतात.

पहिली खेप पूर्ण वाया गेली. ती रंगीत फोटोच्या रासायनिक कागदावर, नेहमीच्या लॅबमधून काढली होती. या कागदात करडी छटा तीन रंगांच्या थरांतून बनते. त्यांचा तोल किंचित ढळला की करड्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. एका फोटोत ती डोळ्यांना चालून जाते, छत्तीस शेजारी लावले की प्रत्येकाची झाक वेगळी दिसते. दुसऱ्या खेपेला पिगमेंट (रंगकणांच्या) शाईचा प्रिंटर घेतला. यात काळ्यासोबत एक-दोन करड्या शाया स्वतंत्र असतात आणि कृष्णधवलसाठी वेगळा मोड असतो, त्यामुळे रंगीत शाई नावापुरतीच लागते.

कागदाचे दोन पर्याय तपासले. सुती मॅट कागद हाताला सुंदर लागतो, त्यावर चकाकी नसते, पण त्याचा काळा तुलनेने फिकट. बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदाचा काळा खोल, डार्करूमच्या प्रिंटच्या जवळ जाणारा. पावसाळी, धुकट, करड्या फोटोंना मॅट शोभला असता. पण पुलाखालच्या आणि रात्रीच्या फोटोंना खोल काळा हवा होता आणि एका भिंतीवर दोन प्रकारचे कागद नको होते. सुमारे ३१० जीएसएमचा (चौरस मीटरला ३१० ग्रॅम वजनाचा) बरायटा घेतला, १३ बाय १९ इंचांचा. यात चारही बाजूंना अर्धा इंच कोरा कागद उरतो, तो माउंटच्या (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कामी येतो.

छापण्याआधी पडद्याची चमक ८० ते १०० निटपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) उतरवली. घरातले संगणकाचे पडदे याच्या दुप्पट उजळ असतात आणि 'प्रिंट काळी आली' ही तक्रार बहुतेक तिथूनच येते. मग एका कागदावर ०, ५, १०, १५ अशा (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पांढरा) वाढत्या छटांचे पट्टे छापले आणि पाहिलं की कितव्या पट्ट्यापासून काळ्यात फरक दिसतो. त्याखालची प्रत्येक छटा कागदावर एकच काळी होणार, मग सावलीतला जो तपशील दिसायलाच हवा तो त्या आकड्याच्या वर उचलायचा. ही पट्टी खिडकीच्या उजेडात न तपासता दालनात नेऊन तिथल्या दिव्याखाली तपासली. दोन्हींत फरक पडला, आणि सात फोटोंच्या सावल्या पुन्हा उचलाव्या लागल्या.

छापून झाल्यावर फ्रेमवाला म्हणाला, "दादा, आजच काच मारून देतो." देऊ नका. पिगमेंट शाईतले द्रव हळूहळू उडत राहतात आणि काचेच्या आतून दुधी थर धरतो. प्रत्येक प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवून दिवसभर दाबून ठेवलं, कागद बदलून पुन्हा तेच केलं.

माउंट बोर्ड आम्लरहित घेतला. त्यातली फोटोची खिडकी प्रतिमेपेक्षा पाव इंच मोठी कापली, खालची पट्टी वरच्यापेक्षा पाव इंच रुंद ठेवली. समान ठेवली तर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. प्रिंट फक्त वरच्या काठाला दोन कागदी बिजागऱ्यांनी अडकवायची. चारही बाजूंनी दुहेरी टेप लावली तर हवेसोबत फुगायला कागदाला जागा उरत नाही आणि तो मधून उठतो. २ मिलिमीटर काच एका फ्रेमला सुमारे १.४ किलो पडते, छत्तीस फ्रेमना ५० किलो. ॲक्रिलिक निम्म्याहून हलकं, पण स्थिर विजेने धूळ ओढतं आणि पुसतानाच ओरखडतं. काचच घेतली.

भिंतीला ड्रिल करायला मनाई होती, वरच्या पट्टीवरून दोऱ्या सोडायच्या होत्या. फोटोचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरला. आडव्या फ्रेमची निम्मी उंची ९ आणि मागची तार ताणल्यावर वरच्या काठापासून २ इंच खाली, म्हणून हूक ५८ + ९ − २ = ६५ इंचांवर. उभ्या फ्रेमला तोच हिशेब ६८ देतो. मध्य जुळवायचा, वरचा काठ नाही. नायलॉनची दोरी वजनाने रात्रभरात ताणते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी सगळं टांगून सकाळी पुन्हा पाणसळ लावावी लागली. जवळजवळ अर्ध्या फ्रेम खाली आल्या होत्या.

खरी परीक्षा दिव्यांची. गडद फोटोवरची काच म्हणजे आरसाच: खोल काळ्यात समोरची खिडकी आणि बघणाऱ्याचा पांढरा शर्ट दिसतो. म्हणून रात्रीचे आणि पुलाखालचे फोटो खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून हलवून खिडकीच्याच बाजूच्या भिंतीवर नेले आणि समोर उजळ फोटो आणले. क्रम थोडा मोडला, पण फोटो दिसू लागले. दिवा उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांवर ठेवायचा. अगदी वरून पडला तर फ्रेमच्या पट्टीची सावली फोटोवर येते, फार समोरून आला तर चकाकी येते आणि माणसाची सावली पडते.

नावांच्या पट्ट्यांवर फक्त जागा आणि वर्ष लिहिलं. त्या सनबोर्डवर करून काढता येणाऱ्या पोस्टर पुट्टीने लावल्या, कारण दुहेरी टेपसोबत रंगाचा पोपडा निघतो आणि अनामत कापली जाते. ज्यांचे चेहरे ओळखू येत होते आणि जे पुन्हा भेटू शकत होते, त्यांना आधी ५ बाय ७ ची प्रिंट दिली आणि लावू का असं विचारलं. दोघांनी नको सांगितलं. ते फोटो काढून राखीव चारांतले दोन घेतले. राखीव फोटो छापून, फ्रेम करून तयार असायलाच हवेत.

प्रदर्शन उतरवताना फ्रेम काचेला काच लावून, मध्ये पुठ्ठा घालून, टेम्पोत उभ्या ठेवल्या. आडव्या रचल्या तर खालची काच जाते. घरी त्या बाहेरच्या भिंतीला न टेकवता आतल्या भिंतीशी, जमिनीपासून चार इंच वर फळीवर ठेवल्या आहेत. सिलिका जेलच्या पुड्या जूनआधी बदलायच्या आहेत.