आबांचा गॉगल

आज आबांना घेऊन सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मोतीबिंदू असणार असं धरूनच चाललो होतो, निघालं भलतंच. नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकत आलेला गुलाबी, तिकोनी पडदा, त्यात बारीक लाल शिरा. आमच्याकडे ह्याला वडस म्हणतात. डॉक्टर म्हणाले, ४० वर्षं रानात ऊन, वारा, धूळ. त्यातही उन्हातली अतिनील (यूव्ही) किरणं हे मोठं कारण.

आबा लगेच, "डोक्याला टॉवेल असतोय की माझ्या!"
टॉवेल डोक्याला. डोळ्यांचं काय?

येताना स्टँडबाहेर १०० रुपयांचा गॉगल घ्यायला निघाले, मीच अडवलं. नुसत्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवणारी नसेल तर उलट जास्तच किरणं आत शिरतात. शेवटी 'यूव्ही ४००' वाला, म्हणजे ही किरणं अडवणारा घेतला, साडेसहाशेला. किंमत आबांना अजून सांगितलेली नाही.

दुपारी मोबाईलवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे ह्या किरणांची तीव्रता, बघितला तर १२. ११ पासून पुढे सगळ्यात वरची पायरी.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आबा हौसेने गॉगल लावून वैरण टाकायला गेले. म्हैस बुजली, दावं तोडायला निघाली.