व्यसनमुक्ती केंद्रात भेट नाकारली तेव्हा आम्ही काय केलं (माझा अनुभव)

माझा मोठा भाऊ दारू सोडायला स्वतःहून ॲडमिट झाला, कुणी उचलून नेला नव्हता. केंद्राचं नाव लिहीत नाही, पुण्याबाहेर आहे एवढं पुरे. ॲडमिशनलाच काउन्सेलर म्हणाला, पहिला महिना भेट नाही, फोन नाही, सगळीकडे असंच असतं. वहिनी तेव्हा गप्प बसली, पण नंतर फोन केला की "पेशंट स्टेबल आहे" यापलीकडे एक शब्द नाही, पैशांचे मेसेज मात्र वेळच्या वेळी, तेव्हा तिचा धीर सुटला.

केंद्रवाल्यांचं अगदीच खोटं नाही हे पण सांगते. दारू सुटताना माणूस थरथरतो, झोप नसते, घरचं कुणी दिसलं की पाया पडतो घरी न्या म्हणून, आणि मित्र म्हणवणारे पुड्या आत पोचवतात ते वेगळंच. तपासणी करा, वेळ ठरवा, कोण नाही म्हणतंय? पण महिनाभर दार बंद म्हणजे काय!

ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 वाचा. आम्हाला वाटायचं तो वेड्यांच्या हॉस्पिटलचा कायदा, पण त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळे होणारे त्रास पण येतात, त्यामुळे असे पेशंट ठेवून उपचार करणारं केंद्र पण त्यात आलं. कलम 26 मध्ये लिहिलंय की ॲडमिट असलेल्या माणसाला भेटायला आलेल्यांना भेटायचा किंवा नाही म्हणायचा, फोन घ्यायचा-करायचा किंवा नाकारायचा हक्क आहे, वाजवी वेळेत आणि संस्थेच्या नियमांना धरून. हे "नियमांना धरून" वाचून मी जरा खट्टू झाले, कारण काउन्सेलर तेच तर म्हणत होता. वकील म्हणाले नियम म्हणजे भेट कधी आणि कशी ते, भेटच नाही असा नियम त्यात बसत नाही. आणि त्याच कलमात पुढे काही लोकांची यादी आहे ज्यांची भेट या नियमांनी अडवता येत नाही, त्यात जज, रिव्ह्यू बोर्डाचे (याच कायद्याखाली पेशंटच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) मेंबर, आमदार-खासदार, पेशंटचा वकील, आणि नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने बोलायला नेमलेला माणूस.

हा शेवटचा शब्द कुठेतरी बघितलेला वाटत होता. वहिनीने मोबाईलमध्ये ॲडमिशन फॉर्मचा फोटो काढून ठेवला होता, तो उघडला तर त्या रकान्यात तिचंच नाव आणि खाली दादाची सही! दादाने नाव दिलं नसतं तरी कायद्याने आधी नातेवाईकच धरतात, पण त्याची सही असल्यावर वादच संपला.

मग भांडायला न जाता मराठीत एक पानी अर्ज लिहिला, इनचार्ज डॉक्टरांच्या नावाने. पेशंट स्वतःच्या मर्जीने ॲडमिट आहे, मी नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह आहे, कलम 26 प्रमाणे भेट द्या, नाकारायची असेल तर कारण लेखी द्या. दोन प्रती काढल्या, एकीवर पोच मागितली. रिसेप्शनवाली शिक्का मारायला तयारच नव्हती, सर नाहीत म्हणे. वहिनी शांतपणे बाकड्यावर बसून राहिली, शेवटी मारला. सोबत हे पण तोंडी सांगून ठेवलं की नाही जमलं तर मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करू. (त्याला फी नसते, आणि बोर्डाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा किंवा निवृत्त न्यायाधीश असतो. पण भेटीसारख्या तक्रारीला 90 दिवसांपर्यंत मुदत आहे, म्हणून आधी केंद्राशीच बोलून सुटलं तर बरं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 नंबर आहे.)

बोर्डापर्यंत जावंच लागलं नाही. डॉक्टरांचाच फोन आला, रविवारी या, पिशवी तपासू, अर्धा तास. दादा वाळला होता पण बोलला नीट.

खरी गंमत पुढे झाली. वहिनीला भेट मिळाली म्हटल्यावर मामा पण निघाले, आणि दादाने आतून निरोप पाठवला की मामांना भेटायचं नाही. मामा गेटवर लालबुंद, मला म्हणतात तूच सांगितलंस ना हक्क आहे म्हणून! आहे ना, पण तो दादाचा, आपला नाही. केंद्राने त्यांना परत पाठवलं, आणि या वेळी केंद्राचंच बरोबर होतं. मामा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

एक लक्षात ठेवा, हे सगळं मानसिक आजार आणि व्यसनाच्या केंद्रांबद्दल आहे. साध्या हॉस्पिटलच्या भेटीच्या वेळेला हे कलम लागू होत नाही, आणि मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या पेशंट हक्कांच्या सनदेत 17 हक्क आहेत पण भेटीचा वेगळा हक्क नाही, तिथे हॉस्पिटलशी बोलूनच मार्ग काढावा लागतो. ॲडमिशनच्या वेळी फॉर्मचे सगळ्या पानांचे फोटो काढा, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हच्या रकान्यात कुणाचं नाव लिहिलंय ते सही व्हायच्या आधी वाचा.