आधी आहेत त्या लिंका बघू

नाशकात सध्या बॅकलिंक विकणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला, त्यामुळे पंचवटीतल्या लॉजपासून त्र्यंबक रोडवरच्या रिसॉर्टपर्यंत ज्याची म्हणून साइट आहे त्याला फोन येतो, "सर, पाचशे लिंक देतो, पहिल्या पानावर आणतो." माझ्या धाकट्या दिरालाही आला. गिरणाऱ्याला आमचा द्राक्षमळा आहे. काढणीच्या हंगामात तो तिथे पाहुणे ठेवतो आणि त्या मळ्याची साइट मी सांभाळते. "वहिनी, घेऊ का?" म्हणाला. म्हटलं, थांब, आधी आहेत त्या शाबूत आहेत का ते बघू.

दुसऱ्याची साइट आपल्या पानाकडे बोट दाखवते, ती बॅकलिंक. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९९६ साली जे शोधयंत्र सुरू केलं, त्याचं पहिलं नावच 'बॅकरब' होतं. कोण कोणाकडे बोट दाखवतो आणि दाखवणाऱ्याकडे स्वतः किती जण दाखवतात, यावरून पानाचं वजन ठरवायचं, हा त्यांचा हिशेब. आता गूगल आणखी पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंक अजून मोजली जाते. म्हणूनच तर ती विकली जाते.

मळ्याच्या साइटवर सगळ्यात जास्त लिंका बुकिंगच्या पानाला नाहीत, छाटणीच्या पानाला आहेत. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा का करतात, एप्रिलची खरड छाटणी कशासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कशासाठी, हे दिराने सांगितलं तसं मी लिहून काढलं होतं, सोबत त्यानेच काढलेले वेलीच्या डोळ्यांचे, म्हणजे कोंबांचे, आणि काड्यांचे फोटो. शेतीवर लिहिणाऱ्यांनी, वाईन टूरवाल्यांनी, प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांनी आपणहून त्या पानाची लिंक दिली. कोणाला एक रुपया दिला नाही.

मग पावसाळ्यात दिराने साइट नव्याने करून घेतली. दिसायला झकास झाली. पण करणाऱ्यांनी प्रत्येक पानाचा पत्ता बदलला आणि जुने पत्ते नव्याकडे वळवलेच नाहीत. छाटणीचं पान साइटवर होतं, पण नव्या पत्त्यावर; जगातल्या सगळ्या लिंका जुन्या पत्त्यावर जात होत्या आणि तिथे '४०४, पान सापडले नाही' अशी पाटी.

हे मला समजलं ते सर्च कन्सोलमुळे, म्हणजे साइटवाल्यांसाठी गूगलने दिलेल्या फुकट साधनामुळे. त्यात 'लिंक्स' नावाचा रिपोर्ट आहे. आपल्या कोणत्या पानांना बाहेरून जास्त लिंका आहेत, त्या कोणत्या साइटवरून येतात आणि लिंकच्या जागी कोणते शब्द आहेत, असे तीन तक्ते. हे तक्ते मी अधूनमधून एक्सेलमध्ये उतरवून ठेवते. निगराणी म्हणतात ती एवढीच. नवी साइट लागल्यावर जुना तक्ता आणि पेजेस रिपोर्टमधली ४०४ ची यादी शेजारी ठेवली, दोन याद्या जुळवणारं एक्सेलचं सूत्र, व्ही-लूकअप, लावलं आणि नेमकी वजनदार पानंच लाल झाली. जुना तक्ता नसता तर काय गेलं तेही कळलं नसतं. एचरेफ्स नावाच्या लिंका तपासणाऱ्या सेवेवर स्वतःच्या साइटपुरतं फुकट खातं मिळतं, त्यातही तुटलेल्या बॅकलिंकांची वेगळी यादी दिसते. तिथला डीआर, किंवा मॉझ या तशाच कंपनीचा डीए, हे साइटचं वजन सांगणारे आकडे मात्र त्या त्या कंपनीचे. गूगल ते वापरत नाही.

साइट करणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सगळे जुने पत्ते होमपेजवर टाकून देतो ना." इथे मी हटून बसले. छाटणी वाचायला आलेला माणूस होमपेजवर उतरला तर त्याच्या काय कामाचं? गूगलही असं सरसकट वळवणं बहुतेक वेळा 'सॉफ्ट ४०४', म्हणजे पान सापडलंच नाही असं, धरतं. प्रत्येक जुन्या पानाला त्याच विषयाचं नवं पान, असा एकास एक ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून वळवणं, करून घेतला. तो किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. मी काढणारच नाहीये.

यादीत कचराही भरपूर असतो. वॉलपेपरच्या साइट, कसिनो, नावगाव नसलेल्या डिरेक्टऱ्या. त्यावरून दिराला ईमेल आली, तुमच्या साइटला 'टॉक्सिक' लिंका आहेत, साफसफाईचे इतके इतके. २०१२ साली लिंकांच्या लबाडीवर साइटला मागे ढकलणारं गूगलचं पेंग्विन अपडेट आलं तेव्हा ही भीती खरी होती, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'या लिंका धरू नका' अशी यादी फाइलमधून कळवायला गूगलने डिसअव्हाऊ टूल दिलं. पण २०१६ च्या पेंग्विनपासून असल्या लिंका सहसा नुसत्या दुर्लक्षित होतात. मॅन्युअल अॅक्शनच्या रिपोर्टमध्ये (गूगलच्या माणसाने तपासून लावलेली शिक्षा तिथे दिसते) हिरवी खूण आहे आणि आपण लिंका विकत घेतलेल्या नाहीत, मग ती फाइल भरायला जायचं कशाला? चुकून चांगलं डोमेन त्यात गेलं तर नुकसान आपलंच.

मी घाबरते ते लिंकमधल्या शब्दांना. भांडी बाजारातल्या एका तांब्या-पितळेच्या दुकानाची साइट माझ्याकडे आहे. तिथे एकदा त्या तक्त्यात जुगाराचे शब्द वर आले. लिंका जात होत्या त्या पानांवर, जी आम्ही कधी केलीच नव्हती. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या जुन्या प्लगइनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, कोणीतरी आत शिरून शेकडो पानं पेरली होती. समया-घागरींच्या दुकानात रूले! पानं काढली, पासवर्ड बदलले, प्लगइन काढून टाकलं, आणि सर्च कन्सोलमध्ये अनोळखी मालक कोणी जोडलाय का तेही पाहिलं, कारण घुसणारे तेही करतात.

लिंक नोफॉलो, म्हणजे 'हिचं वजन धरू नका' अशी गूगलला खूण असलेली, आहे की साधी, हे मात्र कन्सोल सांगत नाही. ज्या पानावर ती आहे, त्याचा सोर्स उघडावा लागतो. नोफॉलो २००५ चा, मोबदल्यात दिलेल्या लिंकेसाठीचा 'स्पॉन्सर्ड' टॅग २०१९ मध्ये आला. यावरून घरात थोडी कुरबुरही झाली. एक ब्लॉगवाला मळ्यात फुकट राहिला, बदल्यात लिंक देतो म्हणाला. मी त्याला स्पॉन्सर्ड टॅग लावायला सांगितलं, कारण पाहुणचाराच्या बदल्यात लिंक हा गूगलच्या लेखी व्यवहारच. दीर म्हणाला, "वहिनी, भाकरी आपली, लिंक त्याची, आणि फायदा कोणालाच नाही?" टॅग लागला. मार्चमध्ये ठाण्याचं एक कुटुंब तीच लिंक दाबून आलं, दोन रात्री राहिलं आणि जाताना गाडीच्या डिकीत द्राक्षाच्या पेट्या भरून घेऊन गेलं.