बरणीवरचा दगड

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला की वर एक चपटा, वीतभर दगड ठेवायचा, ही आजीपासूनची रीत. आजोबा नोकरीनिमित्त बाग-कुक्षी या गावांकडे होते, तेव्हा त्यांनी तो आणलेला. मधोमध बेंबीएवढा खळगा आणि भोवती वाढत गेलेला एकच रुंद वेढा. आई त्याला 'शाळिग्रामाचा भाऊ' म्हणते. दिवाळीच्या सफाईत तो हातात आला आणि मी ठरवलं, या शिंपल्याच्या जीवाश्माचं कुळ लावायचंच.

आधी तो देवघरातल्या शाळिग्रामाशेजारी ठेवला. शाळिग्राम गंडकीचा, काळाकुळकुळीत, आतले वेढेही दिसणारा. आमचा पिवळट, आतलं सगळं पोटात दडवलेलं. भाऊ असलाच तर फार लांबचा.

मग मी घोळ घातला. इंदूर पडलं, स्वच्छतेत मागे कसं राहणार? नक्षी उजळावी म्हणून व्हिनेगर ओतलं. फसफस फेस आला. चुनखडी ती, आम्लात विरघळणारच! बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या बाईनं हे करावं! पाण्याखाली धरेपर्यंत एका बाजूची नक्षी नखभर पुसली गेली होती.

पुढे फक्त पाणी आणि जुना टूथब्रश. रात्री दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च कडेनं आडवा धरला, तेव्हा दगडावर वेलबुट्टी उमटली. आई म्हणाली, "अगं, हा तर कशिदा!" त्या रेषांना शिवणच म्हणतात. या शिंपल्यातला प्राणी माखली आणि अष्टपादाच्या गोतातला. वाढता वाढता मागे एकेक पडदा घालून कप्पे बंद करायचा आणि स्वतः शेवटच्या कप्प्यात राहायचा. पडदा शिंपल्याला जिथे चिकटला ती शिवण, आणि वरचा शिंपला झिजून गेला की आतल्या साच्यावर ती दिसते. अशा प्राण्यांच्या तीन गटांपैकी जुन्या गोनियाटाइटांत ती साधी नागमोडी, सेरॅटाइटांत अर्धी दातेरी, ॲमोनाइटांत मात्र कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली. आमची कोथिंबीरच होती.

ओळखीच्या एका निवृत्त भूविज्ञानाच्या सरांना फोटो पाठवले. नाव सांगतील वाटलं, तर त्यांनी मलाच कामाला लावलं. "तुटक्या कडेला कप्प्यांतून जाणारी नळी शोध." सापडली, अगदी बाहेरच्या कडेशी, मोहरीएवढा ठिपका. आजच्या नॉटिलस या त्यांच्या समुद्री नातलगामध्ये ती पडद्याच्या मध्याजवळून जाते. इथे कडेला, म्हणजे ॲमोनाइट नक्की. मग त्यांनी पाठीची धार बघायला सांगितली. धार नव्हतीच, अरुंद सपाट पट्टी होती. चपटं अंग, लहान बेंबी, सपाट पाठ, शिवणीला भरपूर फाटे, शिवाय गाव बाग. तेव्हा कुठे सर म्हणाले, "प्लासेंटिसेरास. कुळ प्लासेंटिसेरॅटिडी." लॅटिनमध्ये प्लासेंटा म्हणजे चपटा केक, ग्रीकमध्ये केरास म्हणजे शिंग. आमच्या भाषेत थालीपीठ-शिंग! हे कुळ हायॅट या अभ्यासकानं १९०० साली मांडलं.

सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा एक फाटा शिरला होता, त्यातली ही मंडळी. माळव्याचा काळा दगड लाव्हारूपानं वर पसरला तो त्यानंतर बऱ्याच काळानं.

मला वाटलं, झालं. पण जातीवर गाडी अडली. व्रेडेनबर्ग या भूवैज्ञानिकानं बागच्या ॲमोनाइटांना प्लासेंटिसेरास मिंटोई, नामाडोसेरास शिंदिए अशी नावं दिली. नामाडोस हे टॉलेमी या प्राचीन भूगोलकारानं दिलेलं नर्मदेचं नाव. आणि बाग तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात, म्हणून शिंदे. होळकरांच्या गावात राहून हे वाचताना जरा लागलंच. १९७६ मध्ये पुण्याच्या चिपळूणकर आणि घारे यांनी आणखी नावांची भर घातली. पुढच्या अभ्यासकांनी बरीचशी परत एकत्र केली: काही फरक वयाचे, काही नर-मादीचे. यांच्यात मोठा शिंपला मादीचा आणि छोटा नराचा मानतात.

आमचा कोणता, ते ठरवायला पाठीच्या कडेवरच्या बारीक गाठी लागतात. सरांनी त्यांचा जवळून फोटो मागितला. नेमकी तीच जागा व्हिनेगरनं खाल्लेली. ते ऐकून सर फोनवर थोडा वेळ गप्पच झाले.

चिठ्ठीवर 'प्लासेंटिसेरास, बाग' एवढंच लिहून दगड काचेच्या कपाटात ठेवलाय. आई दोनदा विचारून गेली, "मग बरणीवर काय ठेवू?"