टब ३ : नायट्रेट अखेर हललं!

मंडळी, टब ३च्या पाण्यातल्या नायट्रेटचं (वनस्पती आणि शेवाळं शोषून घेतात तो नायट्रोजनचा क्षार) रंगतक्त्यावर ४०च्या गडद लालवर चिकटून बसलेलं रीडिंग आज १०च्या नारिंगीशी जुळलं. टेस्टच्या कागदी पट्ट्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून थेंबांच्या किटनं दोनदा बघितलं.

मागचं थोडक्यात: पाण्यात जाती जास्त असल्या तर नायट्रेट लवकर उतरतं का, ते बघायला हे टब मांडलेत. टब १मध्ये नुसतं हायड्रिला ही पाणवनस्पती. टब ३मध्ये हायड्रिला, वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट अशा पाणवनस्पती आणि देवास रोडच्या शेततळ्यातल्या दगडांवरची सगळी शेवाळं. पाणी दोन्हीकडे नर्मदेच्या नळाचंच. जाती जास्त म्हणजे नायट्रेट लवकर उतरायला हवं, पण टब ३ हटूनच बसला होता. स्पायरोगायरा या धाग्यांसारख्या शेवाळानं बाकीच्यांना गिळलं. नावाला विविधता, प्रत्यक्षात एकाचंच राज्य.

किल्ली मिळाली ती परिसंस्थाशास्त्रज्ञ ब्रॅडली कार्डिनाले यांच्या २०११च्या ‘नेचर’मधल्या प्रयोगात. त्यांनी १५० छोटे कृत्रिम ओढे केले. आठ जातींच्या शेवाळांनी एकट्या जातीपेक्षा सरासरी ४.५ पट वेगानं नायट्रेट शोषलं, कारण कुणी खळखळत्या पाण्यात रमतं, कुणी संथ डोहात. ओढा सगळीकडे सारखा केला, की एकच जात उरली आणि फायदाही गेला. माझा टब म्हणजे तोच सपाट ओढा! आपला इंदूरचा सिरपूर तलाव २०२२मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आला. त्याचे उथळ, दलदलीचे, वेडेवाकडे काठ तसेच राहावेत असं मला कळकळीनं वाटतं, तेही याचसाठी.

मग मधे विटांचा आडोसा घातला, एका बाजूला दगडांवरून धार सोडली. त्यासाठी कूलरचा छोटा पंप घ्या. अ‍ॅक्वेरियमवाल्या महागड्या पंपांपेक्षा तो कितीतरी दणकट. आता धारेतल्या दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर आलाय, मायक्रोस्कोपखाली नावेच्या आकाराचे डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळं) स्पष्ट दिसतात. स्पायरोगायरा संथ कोपऱ्यात गेलं. आणि त्याच कोपऱ्यात डॅफ्निया (पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव), पाठीत अंडी घेऊन! कितीतरी वेळ बघत बसलो.

पुढे टबात गप्पी मासे सोडणार होतो. पण लिहिता लिहिताच लक्षात येतंय, तसाच पंप, विटा आणि दगड टब १मध्येही हवेत. नाहीतर श्रेय विविधतेचं की नुसत्या धारेचं, कसं ठरवणार? शिवाय गप्पी डॅफ्निया फस्त करतील. तेव्हा गप्पी रद्द, उद्या दुसरा पंप. इंदुरात कुणाकडे वॅलिसनेरियाचे जादा रनर (नवी रोपं फुटणारे आडवे फुटवे) असतील तर कळवा, बदल्यात डॅफ्निया देतो.