सुलतानांचे कपडे इतके कोरे कसे?

इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातल्या काफ्तानांचे (म्हणजे तुर्कस्तानच्या ऑटोमन सुलतानांच्या लांब झग्यांचे) फोटो दाखवले की एक प्रश्न ठरलेलाच, "हे खरंच सोळाव्या शतकातलं आहे का हो, की कुणी नंतर विणून ठेवलंय?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

जुनंच आहे. ऑटोमन सुलतान वारला की त्याचे कपडे बोचक्यात बांधायचे, वर नावाची चिठ्ठी लावायची आणि खजिन्यात ठेवून द्यायचे. ऊन नाही, घाम नाही, धुणं नाही. असे हजारावर काफ्तान इस्तंबूलला शिल्लक आहेत. फक्त त्या चिठ्ठ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, मधे कधीतरी अदलाबदल झालीये, त्यामुळे अमक्या सुलतानाचा म्हणून मिरवणारा काफ्तान नक्षी बघितली की चक्क त्याच्यानंतरचा निघतो.

अर्थात माल मुळात दणकट होता हेही आहेच. विणकामाचं मोठं केंद्र म्हणजे तुर्कस्तानातलं बुर्सा शहर, कच्चं रेशीम इराणातून, कास्पियनकाठच्या गिलानकडून काफिल्यांनी यायचं आणि लाल रंगासाठी लागणारी लाख तर आपल्या हिंदुस्थानातून जायची. 1491 साली सुलतान दुसऱ्या बायेझिदने बुर्सात बांधून घेतलेली कोझा हान ही सराई अजून उभी आहे, आत आजही रेशमी स्कार्फ विकतात. विणकर लोक ताण्यात (उभ्या धाग्यांत) धागे कमी घालतात, रंगात काटकसर करतात म्हणून 1502 मध्ये सरकारला नियमावली काढावी लागली (भेसळ काय आजची आहे होय!).

झूम करून बघायचं असेल तर कलाबतू बघा. रेशमी धाग्याभोवती चांदीची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, सोनेरी हवी तर पट्टीवर सोन्याचा मुलामा आणि आत पिवळं रेशीम, रुपेरीला आत पांढरं. मुलामा पार उडाला तरी आतला पिवळा धागा सांगतो की इथे सोनं होतं. मला हे त्या सगळ्या झगमगाटापेक्षा भारी वाटतं.

नक्षी मात्र जवळून बघायची नाहीच मुळी. तीन गोळे, दोन लाटांसारखे पट्टे, सगळं एवढं मोठं की घोड्यावरचा सुलतान लांबच्या गर्दीलाही ओळखू यावा. शिवण साधी, सरळ, नक्षी उगाच तुटू नये म्हणून.

बोचक्यात न गेलेलं कापड कुठे गेलं? बरंचसं भेट म्हणून किंवा व्यापारात बाहेर गेलं. रशियात तर त्याचे पाद्र्यांचे झगे शिवले, ते मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहेत, खलिफा म्हणवणाऱ्या सुलतानाच्या मुलखातलं रेशीम आणि अंगावर बिशपच्या.