जुन्या ८००ने पुणे ते पोलादपूर: टोलवर बंद, घाटात खुशाल

रूट नेहमीचा. खेड शिवापूर, खंबाटकी, सुरूरहून वाई, पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी उतरून पोलादपूर. गाडी कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मारुती ८००, नव्वदच्या दशकातली. बोनेटखालचं बरंचसं रबरही तेव्हाचंच.

खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत त्रास सुरू झाला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून क्लच दाबला की इंजिन अडखळायचं आणि गप्प. पुढे रस्ता मोकळा मिळाला की साठ-सत्तरला मस्त पळायची. खंबाटकीत ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढतानाही कुरकुर नाही. पेट्रोल कमी पडत असतं तर तिने चढावरच मान टाकली असती. स्लोला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) मरते आणि वेगात चालते म्हटल्यावर पहिला संशय हवेच्या गळतीवर घ्यायचा. स्लोला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असतो; मॅनिफोल्डमधली (त्यापुढे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांतली) ओढ भरपूर असते. त्या वेळी फाटक्या पाइपातून आत शिरलेली थोडी हवाही मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडला की मुळात इतकी हवा येते की या चोरीचा हिशेबच लागत नाही.

सुरूरच्या फाट्यावर चहा सांगितला आणि बोनेट उघडलं. इंजिन गरम असूनही चोक अर्धा ओढला, तर स्लो लगेच स्थिर! जादा पेट्रोल मिळाल्यावर गाडी सुधारते, म्हणजे कुठून तरी हवा जास्त येतेय (किंवा कार्बोरेटरचा स्लो जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारं बारीक छिद्र, तुंबलाय, तीही शक्यता असतेच). मग मॅनिफोल्डवरचे रबरी पाइप पकडीने, कापडाचा तुकडा मध्ये घेऊन, एकेक करून दाबले. ब्रेक बूस्टरकडे (मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेकचं पेडल हलकं करणारा डबा) जाणारा जाड पाइप दाबल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलला. वरून पाइप चकाचक दिसत होता; क्लिपजवळ खालच्या बाजूने बोट फिरवलं तेव्हा चीर लागली. वाकवला की उघडायची, सोडला की मिटायची. सुदैवाने अगदी टोकाला होती आणि पाइपला ढील होती. तेवढा भाग कापून पुन्हा बसवला आणि क्लिप आवळली.

पाइपांत काही सापडलं नाही तर कार्बोरेटरखालच्या पॅकिंगभोवती पाण्याचा बारीक फवारा मारून आवाज बदलतो का बघा. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) ओला करू नका, नाहीतर नवंच दुखणं मागे लागेल. क्लीनरचा स्प्रे मारणारे पुष्कळ आहेत, पण तो पेट घेतो. गरम सायलेन्सरजवळ मी तरी मारणार नाही.

वाईत एका मेकॅनिकला दाखवलं, तर तो म्हणाला, "स्लो वाढवून देतो, बंद पडणार नाही." हे करून घेऊ नका. गळती तशीच राहते, आणि बूस्टरचा पाइप गळका असेल तर घाटात पेडल दगडासारखं होतं. इंजिन बंद पडल्यावर बूस्टरची मदत जेमतेम एक-दोन दाबांपुरती उरते. म्हणून आंबेनळीत गाडी न्यूट्रलला सोडायची नाहीच; दुसऱ्या गिअरमध्ये चाकंच इंजिन फिरवत ठेवतात. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे अधूनमधून बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं मीटर) लावणाऱ्यांसाठी: समुद्रसपाटीला स्लोवर साधारण १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दिसतात आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, तेव्हा तिथे काटा खाली दिसला तर घाबरू नका.

बदली पाइप घेताना बूस्टरचाच जाड पाइप मागा. काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरचा किंवा दुसरा पातळ पाइप ओढीने आतल्या आत चपटा होतो.